छडी टाकून देणारा कंडक्टर

‘कंडक्टर’ हा शब्द ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो एसटीतला खाकी गणवेश. सिंफनी ऑर्केस्ट्रापुढील चौथऱ्यावर उभे राहून हातवारे करणारा दुसरा कंडक्टर आपल्याकडे तुलनेने उशिरा परिचित झाला. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या कीर्तीमुळे तो काही रसिकांना ठाऊक झाला, तर केबलवरील कार्टूनपटांनी त्याला घरोघरच्या मुलांपर्यंत नेले. विस्कटलेले लांब केस, मागे दोन शेपटे लोंबणारा काळा कोट, कपाळावर आठ्या आणि हवेत फिरणारी छडी, असे त्याचे ठरलेले रूप. माशी नाकाभोवती घोंगावते, सदऱ्याच्या बाह्या कोटातून निसटून हातांवर येतात आणि शंभर वादकांवर हुकमत गाजवणारा हा माणूस क्षणार्धात हास्यास्पद होतो.

या विनोदी रूपांपैकी सर्वांत गाजलेल्या रूपामागे एक खराखुरा माणूस होता. १९४९ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘लाँग-हेअर्ड हेअर’ हा छोटा कार्टूनपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक होते चक जोन्स. अभिजात संगीताच्या कलावंताला आणि रसिकाला अमेरिकी बोलीत त्या काळी ‘लांब केसांचा’ म्हणत. इंग्रजीत ससा आणि केस या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच असल्याने शीर्षकात श्लेष साधला होता. गाण्याच्या तालमीत व्यत्यय आणतो म्हणून एक आढ्यताखोर ऑपेरा गायक बग्ज बनी या सशाला वारंवार बदडतो. सूड घेण्यासाठी बग्ज लॉस एंजलिसमधील हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागारात पांढऱ्या केसांचा टोप घालून ऐटीत प्रवेश करतो. त्याला पाहताच वादकांमध्ये आदरयुक्त कुजबुज सुरू होते. व्यासपीठावरील संचालक लगबगीने आपली जागा सोडून त्याच्या हाती छडी देतो. बग्ज ती मोडून फेकून देतो आणि उघड्या हातांनी गायकाला हवे तसे नाचवू लागतो. वादकांच्या ओठांवर जे नाव येते, ते ‘लिओपोल्ड’. आडनाव सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकेतील कोणत्याही चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ते लिओपोल्ड स्टोकोव्स्की आहेत, हे ठाऊक होते.

स्टोकोव्स्की यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील पोलिश वंशाचे, व्यवसायाने लाकडी सामान बनवणारे कारागीर. आई आयरिश वंशाची. घरची स्थिती बेताची, पण मुलाच्या बोटांत संगीत होते. तेराव्या वर्षी त्याला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळाला. १९०२ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतील सेंट जेम्स चर्चमध्ये तो ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ऑक्सफर्डची संगीतातील पदवी मिळवली. १९०५ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चने त्याला बोलावून घेतले आणि या लंडनकर तरुणाची अमेरिकेतील कारकीर्द सुरू झाली.

अमेरिकेत गेल्यावर त्यांनी आपल्या व्यक्तिमत्त्वाला नवा साज चढवला. लंडनमध्ये वाढलेला हा माणूस पूर्व युरोपातून आल्यासारख्या अनोळखी ढंगात इंग्रजी बोलू लागला. आपले जन्मस्थळ आणि जन्मवर्ष यांविषयीही त्यांनी कायम धूसरता राखली. त्याची फळे त्यांना भोगावी लागली. त्यांचे खरे आडनाव ‘स्टोक्स’ असून भाव खाण्यासाठी त्यांनी त्याला पोलिश शेपूट जोडले, अशी अफवा आयुष्यभर त्यांच्या पाठीशी लागली. ती साफ खोटी होती. जन्माच्या नोंदीत स्टोकोव्स्की हेच आडनाव आहे. पण जो माणूस आपल्याभोवती आपणच गूढ निर्माण करतो, त्याच्या खऱ्या गोष्टींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. स्टोकोव्स्की यांच्या संगीताबाबतही पुढे काहीसे तसेच घडले.

१९०९ मध्ये, वाद्यवृंद-संचालनाचा फारसा अनुभव नसताना, त्यांच्याकडे सिनसिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्राची सूत्रे आली. १९११ मध्ये त्यांनी टेक्सासमध्ये जन्मलेल्या नामवंत पियानोवादक ओल्गा सामारॉफ यांच्याशी विवाह केला. त्यांचेही नाव मूळचे नव्हते. मैफलींसाठी त्यांनी ते रशियन धाटणीचे नाव घेतले होते. १९१२ मध्ये स्टोकोव्स्की फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले, आणि पुढील पाव शतकात या वाद्यवृंदाला त्यांनी जगातील अग्रगण्य वाद्यवृंदांच्या पंक्तीत नेऊन बसवले. २ मार्च १९१६ रोजी माहलरची आठवी सिंफनी त्यांनी अमेरिकेत प्रथमच सादर केली, तेव्हा व्यासपीठावर वादक आणि गायक मिळून १,०६८ कलावंत होते. स्ट्राविन्स्कीची ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ही रचना अमेरिकी श्रोत्यांनी प्रथम ऐकली ती १९२२ मध्ये, त्यांच्याच संचालनाखाली.

संचालकाची थट्टा त्यांच्यापासून सुरू झाली असे मात्र नाही. ताल धरण्यासाठी जमिनीवर आपटायची काठी स्वतःच्याच पायावर आपटून घेतल्याने फ्रेंच संगीतकार लुली याला झालेली जखम चिघळली आणि त्यात १६८७ मध्ये त्याचा अंत झाला, ही हकिकत संगीताच्या इतिहासात आजही अर्धवट हसत सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात लंडन गाजवणारा लुई जुलियन बेथोव्हनच्या रचनांसाठी चांदीच्या तबकातून पांढरे हातमोजे आणि रत्नजडित छडी मागवून घेई. ‘पंच’च्या व्यंगचित्रकारांना तो आयताच सापडला होता. या थट्टेचे मूळ संचालकाच्या कामातच आहे. मंचावर स्वतः एकही सूर न काढणारा तो एकटाच असतो आणि प्रत्येक सुराचे श्रेय त्याच्याकडे जाते. त्याचे खरे काम तालमीत होऊन गेलेले असते. मैफलीत श्रोत्यांना दिसते ती त्याची पाठ आणि हलणारे हात. या हातांवाचून वादक वाजवू शकले नसते काय, अशी शंका श्रोत्याच्या मनात डोकावते, आणि तिथेच विनोदाला वाट मिळते.

स्टोकोव्स्की यांनी ही वाट बुजवली तर नाहीच, उलट ती प्रशस्त केली. १९२९-३० च्या मोसमात त्यांनी छडी कायमची टाकून दिली आणि उघड्या हातांनी संचालन सुरू केले. त्यांची लांब, निमुळती बोटे हाच चर्चेचा विषय झाला. सभागृहात काळोख करून केवळ आपल्या मस्तकावर आणि हातांवर प्रकाशझोत सोडण्याचा प्रयोग त्यांनी केला. कधी दिवे असे लावले, की केसांच्या आणि हातांच्या प्रचंड सावल्या भिंतींवर नाचाव्यात. खोकणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या श्रोत्यांना ते चौथऱ्यावरून फटकारत. १९२६ मध्ये तर मोजक्या वादकांनिशी कार्यक्रम सुरू करून बाकीच्यांना त्यांनी एकेक करत घाईघाईने मंचावर यायला लावले आणि उशिरा येणाऱ्यांपुढे त्यांचाच आरसा धरला. फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित मंडळींना हा अपमान वाटला. वृत्तपत्रांना मात्र मजकुराची कधीच वानवा पडली नाही.

या देखाव्याच्या आड एक विलक्षण कान काम करत होता. पूर्वी पहिली आणि दुसरी व्हायोलिन व्यासपीठाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. स्टोकोव्स्की यांनी ती डावीकडे एकत्र आणली आणि चेलोवादकांना उजवीकडे बसवले. आज जगातील बहुसंख्य वाद्यवृंदांत याच धर्तीची रचना दिसते. सर्व व्हायोलिनवादकांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत, हा दंडकही त्यांनी मोडला. सगळ्यांचा गज एकदम वळला की त्या क्षणी नाद किंचित तुटतो. प्रत्येकाने आपापल्या सोयीने तो वळवला तर नाद अखंड वाहतो. ‘फिलाडेल्फियाचा नाद’ म्हणून जे जगभर वाखाणले गेले, त्यामागे असे साधे आणि मुळाशी जाणारे विचार होते. १९३० मध्ये त्यांनी एडना फिलिप्स यांना प्रमुख हार्पवादक नेमले. मोठ्या अमेरिकी वाद्यवृंदात एका स्त्रीला प्रमुख वादकाचे स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत तर ते आपल्या बहुतेक समकालीनांच्या पुढे होते. अनेक संगीतकारांना तबकडी म्हणजे संगीताचा अवमान वाटे, त्या काळात, १९१७ मध्येच, त्यांनी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे ध्वनिमुद्रण सुरू केले. बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांबरोबर त्यांनी स्टिरिओ ध्वनीचे प्रारंभीचे प्रयोग केले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद दूरध्वनीच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवण्यात आला. त्या रात्री फिलाडेल्फियातील चौथऱ्यावर त्यांचे सहायक उभे होते. स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खटक्यांपाशी बसून दूरवरून येणाऱ्या नादाला आकार देत होते. ज्या माणसाच्या हातांची एवढी चर्चा झाली, त्याने आपल्या कारकिर्दीतील या महत्त्वाच्या रात्री ते हात श्रोत्यांना दाखवलेच नाहीत.

हॉलिवूडला अर्थातच हातांत रस होता. १९३७ च्या ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ या चित्रपटात गायिका-अभिनेत्री डिआना डर्बिनसमवेत स्टोकोव्स्की स्वतःच्याच भूमिकेत झळकले. बेकार वादकांचा वाद्यवृंद उभा करणाऱ्या मुलीची ती कथा मंदीने पोळलेल्या अमेरिकेला भावली. १९३८ मध्ये ग्रेटा गार्बो या विख्यात अभिनेत्रीबरोबर ते इटलीत रावेल्लो येथे राहिले, तेव्हा त्या बंगल्याला वार्ताहरांनी वेढा घातला. वाद्यवृंदाचा संचालक चित्रपटतारकांइतकाच प्रसिद्ध झाला होता, आणि अशी प्रसिद्धी आली की अर्कचित्रकार फार मागे नसतात.

याच सुमारास वॉल्ट डिस्ने यांच्याशी त्यांची गाठ पडली. डिस्ने यांना फ्रेंच संगीतकार द्यूका याच्या ‘सॉर्सरर्स ॲप्रेंटिस’ या रचनेवर मिकी माउसचा छोटा चित्रपट काढायचा होता. त्या बीजातून ‘फँटेशिया’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट वाढला आणि १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू यॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला. संगीताचा मोठा भाग फिलाडेल्फियाच्या ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’मध्ये ध्वनिमुद्रित झाला. वाद्यांच्या निरनिराळ्या गटांचा नाद स्वतंत्र पट्ट्यांवर घेऊन तो चित्रपटगृहात चहूबाजूंनी ऐकवण्याची ‘फँटासाउंड’ ही नवी यंत्रणा त्यासाठी निर्माण करण्यात आली. ती इतकी खर्चिक होती, की मोजक्याच चित्रपटगृहांत बसवता आली. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठही बंद झाली, आणि चित्रपट सुरुवातीला तोट्यात गेला. संगीतावर चित्रे लादल्याबद्दल जाणकारांनी टीका केली. तरी या कामासाठी १९४२ मध्ये स्टोकोव्स्की यांना विशेष ऑस्कर देण्यात आले.

‘फँटेशिया’त स्टोकोव्स्की दिसतात ते छायाकृतीसारखे: पाठमोरे, रंगीत प्रकाशासमोर हात उंचावलेले. फिलाडेल्फियात त्यांनी भिंतीवर पाडलेल्या सावल्याच जणू पडद्यावर आल्या होत्या. मग मिकी चौथरा चढून येतो, त्यांचा कोट ओढतो आणि त्यांच्याशी हस्तांदोलन करतो. अठ्ठावन्न वर्षांचा, बाखच्या आणि माहलरच्या संगीताचा अधिकारी संचालक एका रेखाटलेल्या उंदरापुढे वाकून त्याचे अभिनंदन करतो, हे दृश्य अनेकांना कलेची अवहेलना वाटले. पण ज्यांनी कधी सिंफनीच्या सभागृहाची पायरी चढली नसती, अशा असंख्य मुलांनी बाख आणि स्ट्राविन्स्की प्रथम ऐकले ते त्या उंदराच्या संगतीने. स्टोकोव्स्की यांना ही देवघेव मान्य होती.

एकदा ते स्वतःच कार्टूनपटात शिरल्यावर इतरांना संकोच कसला? टेक्स एव्हरी यांच्या १९४१ च्या ‘हॉलिवूड स्टेप्स आउट’मध्ये, ताऱ्यांच्या मेजवानीत, लांब केसांवर बायकी जाळी घातलेले स्टोकोव्स्की गंभीर मुद्रेने लॅटिन अमेरिकी नाचाच्या संगीताचे संचालन करतात. १९४३ च्या ‘अ कॉर्नी कॉन्चेर्टो’त सबंध ‘फँटेशिया’चेच विडंबन झाले. बग्ज बनीचा लिओपोल्ड अवतरला तो त्यानंतर सहा वर्षांनी. त्यासाठी निवडलेली जागाही नेमकी होती, कारण १९४५ मध्ये हॉलिवूड बोलचा स्वतंत्र वाद्यवृंद स्टोकोव्स्की यांनीच उभारला होता. हे विनोद करणारी मंडळी संगीताला अनभिज्ञ नव्हती. वॉर्नरच्या कार्टूनपटांचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांच्या दिमतीला स्टुडिओचा भरभक्कम वाद्यवृंद असे. संचालकाची टिंगल चालू असताना पार्श्वभूमीवर वाजणारे संगीत मात्र नेटके, घोटलेले आणि एखाद्या संचालकाच्या इशाऱ्यावरच वाजलेले असे.

‘लाँग-हेअर्ड हेअर’मधील शेवटचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बग्ज गायकाला एक उंच स्वर लावायला लावतो आणि हात वर धरून ठेवतो. हात खाली येईपर्यंत स्वर सोडायचा नाही, हा नियम. मग बग्ज हळूच आपल्या हातमोज्यातून हात काढून घेतो आणि निघून जातो. मोजा तसाच हवेत तरंगत राहतो. गायक लालनिळा होतो, तडफडतो, पण मोज्याची आज्ञा मोडण्याचे धाडस त्याला होत नाही. अखेरीस त्या स्वराच्या आघाताने प्रेक्षागाराचे छतच त्याच्यावर कोसळते. अनियंत्रित अधिकाराची इतकी मार्मिक थट्टा क्वचितच झाली असेल. माणूस निघून जातो, त्याचा हात तेवढा उरतो आणि लोक त्या हातालाच मान देत राहतात. स्टोकोव्स्की यांच्या लौकिकाचेही पुढे हेच झाले. हात सर्वांच्या स्मरणात राहिले. कान विस्मरणात गेला.

मोठ्या पदांचा काळ सरत चालला होता. १९४१ मध्ये त्यांचा फिलाडेल्फियाशी संबंध तुटला आणि पुढे एकोणीस वर्षे ते तिथल्या चौथऱ्यावर उभे राहिले नाहीत. बाखच्या ऑर्गनरचना त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने बांधल्या होत्या आणि इतरांच्या मूळ लेखनातही ते मनमोकळे फेरफार करत. नव्या पिढीच्या समीक्षकांना हे खपेना. त्यांच्या दृष्टीने हा माणूस संगीतकारापेक्षा जादूगार अधिक होता. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण पांढऱ्या केसांचा तो विनोदी लिओपोल्ड आधीच सर्वांच्या मनात ठसला असल्याने, त्यांच्या कामाकडे गांभीर्याने पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

त्या कामाला खंड पडला नव्हता. ह्यूस्टन सिंफनीचे प्रमुख असताना शोनबर्गच्या ‘गुरेलीडर’साठी त्यांनी शर्ली व्हेरेट या कृष्णवर्णीय गायिकेची निवड केली. ह्यूस्टनच्या संचालक मंडळाने तिला नकार दिला, तेव्हा त्यांनी तीच रचना तिला घेऊन फिलाडेल्फियात सादर केली आणि १९६१ मध्ये ह्यूस्टनचा निरोप घेतला. त्याच वर्षी, मुलांशी खेळताना मोडलेले खुब्याचे हाड पुरते जुळलेले नसताना, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात कुबड्यांच्या आधाराने येऊन त्यांनी ‘तुरानदोत’चे संचालन केले. १९६२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘अमेरिकन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. २६ एप्रिल १९६५ रोजी याच वाद्यवृंदाने चार्ल्स आइव्हज या अमेरिकी संगीतकाराची चौथी सिंफनी प्रथमच संपूर्ण सादर केली. निरनिराळ्या गतींचे प्रवाह एकाच वेळी वाहणारी ही रचना इतकी गुंतागुंतीची होती, की त्यांना दोन सहायक संचालक सोबत घ्यावे लागले. आइव्हज तोवर अकरा वर्षांपूर्वी निवर्तले होते. त्यांची ही रचना लोकांपुढे आणण्याचे कष्ट घेतले ते त्र्याऐंशी वर्षांच्या त्या ‘जादूगारा’ने.

१९७२ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि हॅम्पशरमधील नेदर वॉलप या खेड्यात राहू लागले. ध्वनिमुद्रण अखेरपर्यंत चालू होते. १९७६ मध्ये एका ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांनी करार केला, तो वयाची शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंतचा. १३ सप्टेंबर १९७७ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पहिल्या तबकडीपासून शेवटच्या ध्वनिमुद्रणापर्यंत साठ वर्षे लोटली होती.

मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, डिस्ने कंपनीने ‘फँटेशिया’चा मूळ ध्वनी बाजूला सारला आणि नव्या डिजिटल तंत्राने दुसऱ्या संचालकाकडून सारे संगीत पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतले. ध्वनीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा ध्वनी त्याच्याच चित्रपटातून काढून टाकला गेला. ही चूक फार काळ टिकली नाही. १९९० मध्ये चित्रपटाच्या पन्नाशीनिमित्त मूळ ध्वनी पुन्हा बसवण्यात आला. १९९९ मध्ये ‘फँटेशिया २०००’ तयार झाला, तेव्हाही त्यात जुन्या चित्रपटातून जसाच्या तसा उचललेला एकमेव भाग होता तो मिकीच्या ‘सॉर्सरर्स ॲप्रेंटिस’चा, आणि त्याला संगीत होते स्टोकोव्स्की यांनी १९३८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले.

बग्ज बनीचे ते आठ मिनिटांचे कार्टून आजही मुलांना हसवते. त्यांतील बहुतेकांना लिओपोल्ड कोण हे ठाऊक नसते, आणि हसण्यासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नाही. मात्र कधीतरी त्यांनी ‘फँटेशिया’ लावावा, डोळे मिटावेत आणि काही क्षण नुसते ऐकावे. ज्या माणसाच्या हातांना जग हसले, त्याला काय ऐकू येत होते, हे त्या काळोखात स्वच्छ उमगते.